माझ्या वाटणीचं रबर

७ सप्टेंबर, रविवार

ग्रहणाचे वेध लागलेत. माधवीनं, म्हणजे माझ्या सुनेनं, चूल बंद केली. विळीलाही हात लावायचा नाही म्हणाली. मग बसून करायचं काय? ही डायरी खताच्या दुकानवाल्यानं दिलेली, पानोपानी भाताच्या लोंबीचं चित्र. मी चौथी शिकलेय. बायजा म्हणून सही करते, अंगठा देत नाही. तर लिहिते.

लिहिण्याजोगं सध्या एकच आहे, दारातली लाल गाडी. माझ्या नातवाची, साईराजची. आम्ही ज्या शेठचं फार्महाऊस राखतो ते परदेशी गेले आणि जाताना गाडी त्याच्या नावावर करून गेले. स्पोर्ट कार म्हणतात तिला. दिसायला बेडूक दबा धरून बसावा तशी. सुरू झाली की कोंबड्या छपरावर जातात. मला इतका आनंद झाला की गावात सगळ्यांना सांगून झालं, काहींना दोनदा.

पण एक खोट आहे. जागा दोनच. एक चालवणाऱ्याची, एक बाजूची. आमच्या चौक गावच्या मिनीडोर रिक्षात बारा माणसं आणि वर एक बोकड बसतो, आणि एवढ्या महागाच्या गाडीत दोन! त्या एका जागेवर पहिली कोण बसली? इंदूबाई. माधवीची आई, माझी विहीण. साईराज मोहोपाड्याच्या कंपनीत कामाला आणि ही तिथंच राहते. स्टॉपवर उभी दिसली म्हणून आणली म्हणे. माझ्या अंगणात उतरली ती कशी, आधी एक पाय, मग पिशवी, मग पदर, मग स्वतः. आणि मला म्हणते, "बायजाबाई, लय मऊ हाय हो शीट. तुमी बसलाव का नाय अजून?"

मी म्हटलं, "घरचीच गाडी हाय. कवापण बसू."

चूल बंद होती तरी आतून भाजले मी.

१० सप्टेंबर, बुधवार

आज एक नवी गोष्ट शिकले. साईराज चाकाशी उकिडवा बसलेला. मी म्हटलं, "काय हरवलं रं?"

"आजी, बोट दे."

त्यानं माझं बोट टायरच्या खाचेत ठेवलं. तळाला छोटा उंचवटा लागला, तांदळाच्या कणीएवढा. म्हणाला, "ही खूण. वरचं रबर झिजत झिजत हिला टेकलं की टायर संपला. मग बदलायचाच. ओल्या रस्त्यावर पाणी या खाचांतून बाहेर पडतं. खाच नसली तर गाडी पाण्यावर तरंगते. मग ब्रेक मार नायतर देवाला हाक मार, सारखंच."

टायरच्या अंगावर त्याची जन्मतारीखही छापलेली असते. कुठल्या वर्षाचा, कितव्या आठवड्याचा. माझा जन्म कधीचा ते माझ्या आईलाही सांगता आलं नाही, एवढंच म्हणायची की नदीला मोठा पूर आला होता. आणि टायरचा आठवडासुद्धा ठाऊक! हे टायर म्हातारे झालेत म्हणाला, म्हातारं रबर कडक होतं, धरून राहत नाही. मी म्हटलं माझ्याकडे बघून बोलू नको.

"किती उरलंय मग?"

"जपून वापरलं तर दिवाळीपर्यंत जाईल. हा नंबर चौकात नाय, खोपोलीत नाय. जितेशला सांगून मागवायला लागंल." जितेश म्हणजे चौकचा टायरवाला, याच्या वर्गातला. "तोवर तू रोज बोट घालून बघत जा. मी उजाडायच्या आत निघतो."

साईराज गेल्यावर माझ्या डोक्यात प्रकाश पडला. म्हणजे रबर मोजकंच आहे. जमिनीसारखं. इंदूबाई मोहोपाड्याहून आली, तेवढं तिच्या नावावर गेलं. रस्त्याला लागलेलं रबर परत येतं का? उरलेल्यात माझी वाटणी आहे की नाही? मी या घरातली सगळ्यात मोठी. न्यायानं बघितलं तर आधी माझं जायला हवं.

१४ सप्टेंबर, रविवार

आमच्या ह्यांची तिथी. वडे, खीर, भोपळ्याची भाजी, सगळं केलं. कावळा लगेच आला. ह्यांना आयुष्यात कधी जेवायला दुसरी हाक मारावी लागली नाही, मेल्यावर तरी कशी लागेल.

इंदूबाई आली होती. (मिनीडोरनं आली. मी मुद्दाम बघितलं.) पंगतीत खीर संपत आली. मी टोप माझ्याकडे ओढून घेतलं आणि म्हटलं, "घ्या इंदूबाई, भरपूर हाय." आमच्यात असंच. टोप भरलेलं असलं की मी म्हणते, जपून वाढा गं. खरवड उरली की म्हणते, भरपूर हाय. बाईमाणसानं टोपाचा तळ पाहुण्याला दाखवू नये, माझ्या सासूनं शिकवलंय. साईराज मात्र लहानपणापासून डांबरट. "भरपूर" म्हटलं की उठून टोपात डोकावतो.

जेवण झाल्यावर इंदूबाई पान लावता लावता म्हणते, "साई, नवीन टायर टाक की रं. मग मला एकवीरेला ने. त्या शिटावर कंबर दुखत नाय बघ."

म्हणजे जुनं रबर खाल्लं, आता नव्यावरही डोळा!

मी म्हटलं, "पितृपक्षात नवीन वस्तू घेत नसतात. टायर काय आणि झाडू काय."

"टायरला कुठला आला पितृपक्ष?" साईराज हसला.

"तुझ्या आजोबांच्या तिथीला बोलतोस व्हय रं असं?"

त्यानं कानाला हात लावला. इंदूबाईनं पान तोंडात टाकलं. मला बरं वाटलं. ह्यांची मदत जिवंतपणी कधी झाली नाही, आज झाली. जत्रेला जाताना हे बैलगाडीत पुढच्या फळीवर बहिणीला बसवायचे आणि मला मागे, कडब्यात.

२१ सप्टेंबर, रविवार

साईराज आज गाडीतून अक्षदाला घेऊन गेला. खोपोलीची मुलगी, याचा तिच्याशी साखरपुडा झालाय. बोट घातलं. कमी झालंय. नाही झालं असं कुणी म्हणू नये, माझं बोट आहे.

गुडघ्याला तेल लावून झोपते आता.

२ ऑक्टोबर, गुरुवार, दसरा

गाडीची पूजा झाली. झेंडूची माळ, बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक, चार चाकांखाली चार लिंबं. मीच ओवाळली. ओवाळताना चाकांवर डोळे होते. कुंकू रबराला लावताना नखानं खूण चाचपली. वर एक ज्वारीचा दाणा उरलाय, जास्त नाही.

अक्षदा आली होती सोनं वाटायला. आपट्याचं पान माझ्या हातात देऊन पाया पडली आणि म्हणाली, "आजी, लिंबांवरून गाडी काढताना तुम्ही बसा ना पुढे."

मी म्हटलं, "पुढं? मागं हायेच कुठं?"

सगळे हसले. ती पण हसली, दार उघडून उभी राहिली. आता सांगा, माझ्या नातवाची गाडी, माझ्या दारात, आणि परघरची मुलगी मला जागा देणार? जागा देणारी कोण, जिची ती. म्हणजे ती जागा हिची झाली की आधीच! मी म्हटलं, "नको गं बाय, माझे गुडघे नाय वाकत." दोन्ही गुडघे वाकतात. मी रोज भात कापायला जाते.

मग तिलाच बसवून चार लिंबं फोडली. फट फट फट फट. मी मोजली नाहीत, ऐकू आली.

संध्याकाळी साईराज माझ्या खाटेवर येऊन बसला. "आजी, तोंड का पाडलंस?"

"कुठं पाडलं? जन्माचंच असं हाय."

"भाऊबीजेला तुला येसाजी आजोबांकडं नेतो. गाडीतनं. तू आणि मी."

येसाजी माझा धाकटा भाऊ. माझं माहेर कर्जतच्या अलीकडे, डोंगराच्या पायथ्याशी. भावजय गोदूबाई. तिच्या मुलानं मागल्या वर्षी चारचाकी घेतली तेव्हा तिनं मला अंगणात उभी करून काचा वरखाली करून दाखवल्या होत्या. आता बघते म्हणावं.

रात्रभर हसू येत होतं. माधवीनं विचारलं काय झालं. मी म्हटलं, दसरा आहे.

१२ ऑक्टोबर, रविवार

पुन्हा अक्षदाच बसली. दवाखान्यात जायचं होतं म्हणे, तिच्या आईला गोळ्या आणायच्या होत्या. गोळ्या मिनीडोरनं येत नाहीत का? फुगतात का?

ज्वारीचा दाणा गेला. आता राजगिरा उरलाय.

१९ ऑक्टोबर, रविवार

आज टेकलं. सकाळी कोपऱ्यावरचा दिवा चालू होता, त्याच्या उजेडात बघितलं. नख फिरवलं तर खूण आणि रबर एकच. सपाट. पुढचे दोन्ही टायर.

मी तिथंच ओट्यावर बसले. सांगितलं तर भाऊबीज बुडाली. टायर येणार दिवाळीनंतर. आणि नव्या टायरवर पहिली कोण बसणार हे मला काय कुणी सांगायला हवं? मी माहेरी जाणार मिनीडोरनं, मांडीवर कुणाचं तरी पोर घेऊन, आणि गोदूबाई म्हणणार, वन्सं, नातवाची गाडी कुठं हो?

साईराज अंघोळ करून आला. "काय बोलतंय रबर, आजी?"

मी म्हटलं, "भरपूर हाय."

त्यानं माझ्याकडे बघितलं. डोक्याला टॉवेल तसाच. "भरपूर?"

"भरपूर हाय म्हटलं ना. किती वेळा विचारशील?"

मग तो फोन घेऊन घराच्या मागे गेला आणि हळू आवाजात बोलत होता. अक्षदाशिवाय कोण असणार. मी फराळाचं बघायला आत गेले. चकली तळताना दोनदा हात भाजला.

२१ ऑक्टोबर, मंगळवार, लक्ष्मीपूजन

गडगडून पाऊस आला. दिवाळीत! कापलेला भात भिजला. रस्त्यावर पाणीच पाणी, पणत्या विझल्या. साईराज कालपासून मोटरसायकल घेऊन कामाला जातोय, भिजत. गाडी ताडपत्रीखाली. कुणासाठी राखून ठेवलीय ते मला कळतं.

पाणी बघितलं की त्याचं ते बोलणं आठवतं, ब्रेक मार नायतर देवाला हाक मार. दोनदा सांगायला म्हणून उठले. एकदा तो पोरांना फटाके लावून देत होता. दुसऱ्यांदा अक्षदाशी फोनवर बोलत होता, हसत होता. मग नाही सांगितलं. हसत होता म्हणून नाही सांगितलं. हे खरं लिहिते, देवाच्या दिवशी.

२३ ऑक्टोबर, गुरुवार, भाऊबीज

सगळं लिहून ठेवायचं आहे, म्हणून चहा घेऊन बसले.

सकाळी मोतिया रंगाची साडी नेसले, नथ घातली. ताटात नारळ, सुपारी, निरांजन. साईराजनं दार उघडलं, माझं डोकं हातानं खाली धरलं आणि मी त्या जागेत बसले. इंदूबाई खोटं नव्हती बोलत. मऊ आहे. मांडीवर बसल्यासारखं वाटतं. जमीन इतकी जवळ की हात काढला तर गवत उपटावं.

गाडी निघाली ती अशी हळू, अशी हळू! बैलगाडीपेक्षा थोडी बरी. मागून टेंपोवाले भोंगे वाजवत होते, एक सायकलवाला पुढे गेला. मी ओळखलं, सगळ्या गावानं मला नीट बघावं म्हणून माझं पोर सावकाश चालवतंय. मी काच खाली करून दोघातिघींना हात केला. मोरीजवळ पाणी साचलेलं, तिथं तर तो थांबलाच, मग मुंगीच्या पावलानं काढली. आणि तिथं मी काचेतून पाण्याकडं बघितलं. इतके दिवस मी आपली वाटणी वाटणी करत होते. पण याच चार टायरांवर तो पण बसलाय की. माझं काय, मी पिकलं पान. त्याचा साखरपुडा झालाय.

मी म्हटलं, "साई, थांबव."

"का गं?"

"पोटात मुरडा आलाय."

"चौकात थांबू. आलंच."

चौकात त्यानं गाडी हायवेला घातलीच नाही. सरळ जितेशच्या दुकानात. आणि तिथं कोण उभी? अक्षदा! तिच्या भावाचा टेंपो, टेंपोत चार कोरे टायर, कागदाच्या पट्ट्या तशाच. पहाटे पनवेलहून घेऊन आले म्हणे, सणाचं कुणी पोचवत नव्हतं म्हणून भावाला घेऊन हीच गेली. केसांत पाणी, ओढणीवर काळे डाग.

मला वाटलं, झालं. टायर आले, तीही आली. आता म्हणतील आजी उतर. एकदा उतरले की संपलं.

जितेश वाकून म्हणाला, "आजी, उतरा की. टायर बदलायचेत."

"नाय उतरत."

"अवो जॅक लावायचाय."

"लाव. मी काय भात भरलेलं पोतं हाय व्हय?"

जितेशनं साईराजकडे बघितलं. साईराज कपाळाला हात लावून हसत होता. "राहू दे रं. एकेक चाक घे. ती नाय हलायची."

आणि मला उचललं! आधी डाव्या अंगाला वर, नाक्यावरची सगळी माणसं बघतायत. मांडीवर ताट, ताटात नारळ घरंगळतोय, मी एका हातानं नथ धरलेली. असं मला लग्नातसुद्धा कुणी उचललं नव्हतं.

तिकडे अक्षदानं टेंपोतून स्वतःचं ताट काढलं. भाऊ पुढे भाडं घेऊन जाणार, घरी जायला वेळ नाही, म्हणून टायरांच्या थप्पीशीच त्याला उभा करून ओवाळायला लागली. वाऱ्यानं निरांजन विझायला आलं. मी वरनंच ओरडले, "हात आडवा धर गं! डावा! डावा!" तिनं धरला. निरांजन राहिलं.

मग जितेशनं काढलेला टायर उलटा करून साईराजला दाखवला. मी काचेतून बघितलं. बाहेरून सपाट झालेला तो मला ठाऊकच होता. पण आतल्या कडेला, गाडीच्या पोटाकडची जी बाजू असते, तिथं रबर नव्हतंच. तारा बाहेर आल्या होत्या, फाटक्या गोधडीतून सुतं यावीत तशा. "या गाड्यांचं आतनंच आधी जातं," जितेश म्हणाला. "बाहेरनं बघून कळत नाय."

माझं बोट कधी आत गेलंच नव्हतं. मी बाहेरूनच बघत होते, दीड महिना, रोज.

साईराज खिडकीशी आला तेव्हा मी म्हटलं, "साई, मी खोटं बोलली रं. रविवारीच टेकलं होतं."

"ठाव हाय मला."

"कसं ठाव?"

"तू भरपूर बोललीस ना. तवाच अक्षदाला फोन लावला."

म्हणजे काय, ते मला काही समजलं नाही. मी भरपूर बोलले तर त्याला कमी कसं समजलं? आजकालची पोरं. पण त्यानं माझे डोळे त्याच्या बाहीनं पुसले, बाहीला ग्रीस होतं, ते नाकाला लागलं. येसाजीच्या घरापर्यंत मला कुणी सांगितलं नाही.

निघताना अक्षदाला म्हटलं, "केस पूस. सर्दी होईल." एवढंच म्हटलं. तिच्या हातात एक करंजी दिली. दोन होत्या.

माहेरी गाडी पोचली तेव्हा गोदूबाई दारातच होती. काय बघत राहिली! तोंडात तंबाखू, बोलायचं विसरली. मी आधी एक पाय, मग ताट, मग पदर, मग स्वतः, अशी उतरले. इंदूबाईचं बघून ठेवलं होतं ते कामाला आलं.

येसाजीला आता दिसत नाही, दोन्ही डोळ्यांत मोती. मी ओवाळलं तेव्हा उजेडाकडे तोंड करून बसला होता. मग म्हणाला, "ताई, मला दाव की गाडी." दाखवू कशी? त्याचा हात धरून नेला. त्यानं दिवा चाचपला, दार चाचपलं, खाली बसून चाकावर हात ठेवला. कोऱ्या टायरवर बारीक बारीक रबराचे केस असतात, मला आजच कळलं. तो त्यांवरून बोटं फिरवत राहिला. "लव हाय गं याला," म्हणाला. "नवं वासरू असतं तशी."

मला काय झालं कुणास ठाऊक. मी म्हटलं, "बस पुढं. साई, आजोबांना एक चक्कर मारून आण."

बसला. तोंड वाऱ्याला लावून गेला, लहान असताना बैलगाडीच्या जुवावर बसायचा तसा. मी आणि गोदूबाई अंगणात उभ्या. ती म्हणाली, "वन्सं, लय मोठं मन तुमचं."

मी पदर सावरला. लाल गाडी देवळाला वळसा घालून आली, आणि थांबली नाही. पुन्हा गेली.

मी एकच म्हटलं होतं.

२६ ऑक्टोबर, रविवार

जुना एक टायर साईराजनं अंगणात आणून ठेवला. मी त्यात झेंडू लावणार. इंदूबाईनं बघितला, म्हणाली मला द्या कुंडीला. मी म्हटलं, आमच्या कोंबड्या बसतात त्यात.

सकाळी नव्या टायरमध्ये बोट घालून बघितलं. बाहेरून बघितलं, मग साईराजकडून गाडी वर उचलून घेतली आणि आतूनही बघितलं. जवळजवळ अर्धं पेर आत जातं. काय खाच आहे! पाट काढल्यासारखी.

दुपारी अक्षदा आली. जेवण झाल्यावर माझ्यापाशी बसली आणि हळूच म्हणाली, "आजी, पुढच्या रविवारी आम्ही एकवीरेला जाऊन यावं म्हणतो. तुम्हीच सांगा, रबर कितपत आहे?"

मी म्हटलं, "थोडंच हाय गं. जपून वापरा."